ग्वानाहुआतोच्या गल्ल्यांमधून एक दिवस

मेक्सिकोच्या मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंचीवर असलेले ग्वानाहुआतो हे शहर एका अरुंद घळीत वसले आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास येथील डोंगरांत चांदी सापडली, खाणींच्या आसऱ्याने वस्ती वाढली आणि सपाट जागा नसल्यामुळे घरे मिळेल त्या उतारावर एकावर एक चढत गेली. स्पॅनिश राजवटीत वसलेल्या बहुतेक शहरांत दिसणारी काटकोनातील सरळ रस्त्यांची आखणी येथे जमलीच नाही. आज त्या उतारांवर पिवळी, गुलाबी, विटकरी आणि आकाशी घरे दाटीने उभी आहेत. १९८८ मध्ये युनेस्कोने हे शहर आणि लगतच्या खाणी जागतिक वारसा म्हणून घोषित केल्या. रंगांची छायाचित्रे सगळीकडे दिसतात. मात्र हे शहर असे का घडले हे ठाऊक असेल तर येथील भटकंतीला खरा अर्थ येतो, असे मला दिवसभर फिरताना जाणवत राहिले.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी सिलाओजवळचा बाहीओ विमानतळ सोयीचा आहे, कारण तेथे ह्यूस्टन आणि डॅलसहून थेट विमाने येतात आणि पुढे टॅक्सीने शहर जवळच आहे. मेक्सिको सिटीहून यायचे असल्यास तेथील उत्तरेकडच्या बसस्थानकावरून आरामदायी गाड्या सुटतात आणि साधारण पाच तासांत पोहोचवतात. भारतीय पारपत्र असणाऱ्यांना मेक्सिकोचा व्हिसा लागतो. परंतु अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. निघण्यापूर्वी सध्याचा नियम वकिलातीच्या संकेतस्थळावर अवश्य पाहावा.

शहरात शिरताना गाडी एकदम जमिनीखाली जाते. ग्वानाहुआतोची नदी पूर्वी वस्तीच्या मधून वाहत असे आणि पुरांनी शहराचे वारंवार नुकसान करत असे. १९०५ चा पूर विशेष भीषण होता. त्यानंतर पाणी अधिक खोलवरच्या बोगद्याकडे वळवण्यात आले आणि कोरड्या पडलेल्या पात्राचा पुढे रस्ता झाला. आज दगडी कमानींखालून मोटारी धावतात, बसचे थांबेही तेथेच आहेत आणि तेथून जिन्याने वर आले की माणूस थेट एखाद्या चौकात उगवतो. या बोगद्यांत मोबाइलचा नकाशा चालत नाही, त्यामुळे आपल्या मुक्कामाजवळच्या चौकाचे नाव कागदावर लिहून ठेवावे.

दिवसाची सुरुवात पिपिला या लोकनायकाच्या नावाच्या टेकडीपासून करावी, असा माझा आग्रह आहे. हुआरेझ नाट्यगृहाच्या मागून वर जाणारी केबलवर ओढली जाणारी छोटी रेलगाडी काही मिनिटांत माथ्यावर नेते. तेथून पिवळी बॅसिलिका (मोठे चर्च), विद्यापीठाची उंच पांढरी इमारत आणि हिदाल्गो मंडईचे लोखंडी छत ओळखून ठेवले, की खाली उतरल्यावर गल्ल्यांत दिशा चुकण्याची भीती उरत नाही. उतरताना मात्र पायीच यावे. कुंड्यांनी भरलेल्या खिडक्या, गच्चीवरून भुंकणारे कुत्रे, गॅसची टाकी खांद्यावर घेऊन पायऱ्या चढणारे कामगार हे सारे त्या उतारावरच भेटते. येथे लोक राहतात याचे भान ठेवून, छायाचित्र काढण्यापूर्वी नजरेने तरी परवानगी घ्यावी. हसून केलेल्या ‘बुएनोस दियास’ला (सुप्रभात) प्रत्येक दारातून उत्तर मिळते.

खाली आल्यावर बॅसिलिकेवरून पुढे जाताना चुंबनाची गल्ली लागते. समोरासमोरच्या सज्जांतून भेटणाऱ्या प्रेमिकांची दंतकथा तिच्याशी जोडलेली आहे. दुपारी येथे मोठी रांग लागते, म्हणून सकाळीच पाहून पुढे निघावे. त्यामानाने १९१० मध्ये सुरू झालेल्या हिदाल्गो मंडईला भरपूर वेळ द्यावा. निवडुंगाची सोललेली फळे, तिखट-मीठ लावलेल्या हिकामा या कंदाच्या फोडी, वाळलेल्या मिरच्यांचे ढीग आणि उसाच्या गुळापासून पीळ देऊन केलेल्या ‘चारामुस्का’ नावाच्या मिठाया तेथे मिळतात. पेरू आणि सीताफळ पाहून घरची आठवण झाली, पण ही दोन्ही फळे मुळात याच खंडातून आपल्याकडे आली आहेत.

शाकाहारी प्रवाशांनी थोडी काळजी घ्यावी. ‘एंचिलादास मिनेरास’ हा खाण कामगारांच्या नावाने ओळखला जाणारा येथील पदार्थ आहे. लाल मिरचीच्या वाटणात बुडवलेल्या मक्याच्या पोळ्यांत चीज भरून वर बटाटा आणि गाजर घालतात. पुष्कळ ठिकाणी सोबत कोंबडीही देतात, म्हणून ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मांस नको, कोंबडी नको) असे आधीच सांगावे. घेवड्याची उसळ अनेकदा डुकराच्या चरबीत परतलेली असते, त्यामुळे ‘मांतेका’ आहे का हे विचारून घ्यावे. मी विचारल्यावर मंडईतल्या मावशींनी नुसते उत्तर दिले नाही, तर तेलात परतलेले निवडुंगाचे काप वेगळे करून दिले. मंडईत रोख पेसो जवळ हवेत.

मंडईपासून जवळच आलोंदिगा दे ग्रानादितास ही धान्याच्या कोठाराची भक्कम इमारत आहे. २८ सप्टेंबर १८१० रोजी मिगेल हिदाल्गो यांच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठलेल्या बंडखोरांनी ती जिंकली. पाठीवर दगडी फरशी बांधून गोळ्यांच्या वर्षावात दाराला आग लावणारा पिपिला हा खाण कामगार याच लढ्याच्या कथेतला नायक आहे. पुढे हिदाल्गो आणि त्यांचे तीन सहकारी पकडले जाऊन मारले गेले, तेव्हा त्यांची शिरे या इमारतीच्या चार कोपऱ्यांवर टांगण्यात आली आणि ती १८२१ पर्यंत तशीच होती. जिन्यातील होसे चावेझ मोरादो यांची भित्तिचित्रे सावकाश पाहावीत. जवळच्या पोसितोस रस्त्यावर चित्रकार दिएगो रिवेरा यांचे १८८६ चे जन्मघर संग्रहालय म्हणून जपले आहे. सोमवारी ही दोन्ही ठिकाणे बंद असतात, त्यामुळे तो दिवस टाळावा.

ममींचे संग्रहालय मी जाणीवपूर्वक वगळले. १८६५ पासून, ज्यांचे नातेवाईक दफनभूमीचा कर भरू शकले नाहीत अशांचे देह उकरण्यात आले आणि त्यांतले न कुजलेले देह पुढे प्रदर्शनात मांडले गेले. त्यात लहान मुलेही आहेत. गरिबीमुळे मिळालेली ही प्रसिद्धी तिकीट काढून पाहणे मला पटत नाही.

तो वेळ मी वालेंसियाना या जुन्या खाणीच्या परिसराला दिला. आलोंदिगाजवळून तिकडे बस जाते. अठराव्या शतकात जगातील अत्यंत समृद्ध चांदीच्या खाणींत गणल्या गेलेल्या या खाणीच्या मालकाने बांधवलेले सान कायेतानो हे चर्च १७८८ मध्ये पूर्ण झाले. आतल्या तीनही वेद्या सोन्याने मढवलेल्या आहेत. त्या काळी मेक्सिकोची चांदी युरोपमार्गे आणि मनिलामार्गे आशियात येत असे आणि त्यातली काही सुरतेच्या टांकसाळीत रुपया होऊन आपल्या बाजारपेठांत फिरे. खाली भुयारात राबणाऱ्या मजुरांच्या वाट्याला त्यातले फारच थोडे आले, हे त्या सोनेरी वेदीपुढे उभे असताना विसरता येत नाही.

संध्याकाळी सान दिएगो चर्चच्या पायऱ्यांवर जुन्या स्पॅनिश वेशातले विद्यार्थी-गायक जमतात आणि तिकीट घेतलेल्या श्रोत्यांना गात-वाजवत गल्ल्यांतून फिरवतात. विनोद स्पॅनिशमध्ये असले तरी गाणी आणि पावले सर्वांना जमतात, म्हणून हा फेरफटका चुकवू नये. ऑक्टोबरमध्ये, १९७२ पासून भरणाऱ्या सेर्वांतीनो कला महोत्सवाच्या काळात यायचे असेल तर खोली बऱ्याच आधी राखून ठेवावी. ग्वानाहुआतो राज्याच्या काही औद्योगिक शहरांत टोळ्यांचा हिंसाचार गंभीर आहे. राजधानीच्या जुन्या भागात रात्रीही कुटुंबे निर्धास्त फिरताना दिसली, तरी शहरांमधला प्रवास दिवसाच करावा. खोली निवडताना मोटार दारापर्यंत येते का आणि किती पायऱ्या चढाव्या लागतील हे विचारून घ्यावे, कारण चाकांची बॅग येथे बहुतेक ठिकाणी हातानेच उचलावी लागते.