घरात कोणाला किती ठाऊक आहे

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना, आमच्या दाजींना, ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा वेगाने वाढणारा कर्करोग असल्याचे निदान झाले तेव्हा ते ४९ वर्षांचे होते. महिनाभर सकाळी उठताना त्यांचे डोके दुखत असे आणि बोलता बोलता साधे शब्द अडत; कामाचा ताण असेल असे आम्ही सगळेच म्हणत राहिलो आणि एके दिवशी त्यांना घरातच फिट आली. एमआरआय, शस्त्रक्रिया आणि बायोप्सीचा अहवाल हे सारे त्यानंतर तीन आठवड्यांत झाले.

डॉक्टरांशी झालेल्या पहिल्या सविस्तर भेटीतून बाहेर आल्यावर ताईला त्यातले एकही वाक्य आठवेना. मी सोबत होते, पण लिहून काहीच घेतले नव्हते. दुसऱ्या भेटीपासून मी वही ठेवली. डाव्या पानावर डॉक्टर जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत आणि उजव्या पानावर आमचे पुढचे प्रश्न. उपचारांचा आराखडा तिच्यात आहे: आठवड्याला पाच दिवस याप्रमाणे सहा आठवडे रेडिएशनच्या ३० बैठका, एकूण ६० ग्रे (हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक), त्या काळात रोज टेमोझोलोमाइड या कर्करोगावरच्या औषधाची कॅप्सूल, आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर २८ दिवसांची आवर्तने, ज्यांत हेच औषध फक्त पहिले पाच दिवस. ही व्यवस्था लावणे तुलनेने सोपे होते. अवघड होते ते घरातल्या प्रत्येकाला या आजाराविषयी किती माहिती हवी आहे हे ओळखणे, कारण प्रत्येकाला ती वेगवेगळी हवी होती.

ताईला आकडा हवा होता. ज्या २००५ सालच्या अभ्यासावर ही उपचारपद्धती आधारलेली आहे, त्यात रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड घेणाऱ्या रुग्णांचा मध्यक जगण्याचा काळ १४.६ महिने होता. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक जगले, आणि दोन वर्षांनंतरही चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक रुग्ण हयात होते, हेही डॉक्टरांनी तिला समजावून सांगितले. परंतु गाठीच्या तपासणीत एमजीएमटी मिथिलेशन, म्हणजे टेमोझोलोमाइडचा परिणाम वाढवणारा एका जनुकावरचा रासायनिक बदल, आढळले नव्हते, त्यामुळे या औषधाचा लाभ कमी होण्याची शक्यता होती, हेही त्यांनी लपवले नाही. दाजींना मात्र यातले काहीच ऐकायचे नव्हते. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोन माणसांपैकी एकाला सारे ठाऊक आणि दुसऱ्याला नाही, या अवस्थेने ताई दिवसेंदिवस गप्प होत चालली. शेवटी डॉक्टरांनीच दाजींना थेट विचारले की, तुमच्या आजाराविषयी कोणाला किती सांगावे अशी तुमची इच्छा आहे? दाजी शब्द शोधत म्हणाले, "हिला सगळं सांगा. मला मी विचारीन तेव्हाच सांगा." त्या दिवसापासून ताई त्यांच्यापासून काही लपवत नव्हती, तर त्यांचा शब्द पाळत होती. तिच्यासाठी हा फरक फार मोठा होता.

माझी भाची दहा वर्षांची. फिट आली तेव्हा ती समोर होती, आणि त्याच सकाळी ती बाबांशी भांडली होती, म्हणून आपल्यामुळेच हे घडले असे तिने मनात धरले होते. हे आम्हाला कळायला दीड महिना लागला, याचे मला आजही वाईट वाटते. मग आम्ही तिला आजाराचे खरे नाव सांगितले, तो कोणाच्या वागण्यामुळे होत नाही आणि कोणाकडून लागत नाही हे सांगितले, आणि पुन्हा फिट आली तर काय करायचे तेही शिकवले: मोठ्या माणसाला हाक मारायची, बाबांना कुशीवर वळवायला मदत करायची, तोंडात काहीही घालायचे नाही आणि घड्याळ पाहायचे, कारण फिट पाच मिनिटांहून अधिक चालली तर रुग्णवाहिका बोलवावी लागते. घड्याळ पाहण्याचे काम आपले आहे हे कळल्यावर ती पुन्हा बाबांच्या शेजारी बसू लागली.

मेंदूची सूज उतरावी म्हणून दिलेल्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे दाजींची झोप उडाली, भूक वाढली आणि ते क्षुल्लक कारणावरून ओरडू लागले. ताईने ते बोलणे मनाला लावून घेतले होते. हा स्टेरॉइडचा आणि कपाळामागच्या भागातील गाठीचा एकत्रित परिणाम आहे हे डॉक्टरांनी सांगितले, औषधाची वेळ सकाळची केली आणि मात्रा हळूहळू उतरवली. हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचे नसते.

माझ्या हातूनही एक चूक झाली. रेडिएशननंतरच्या पहिल्या एमआरआयच्या अहवालात गाठ वाढलेली दिसली, आणि डॉक्टरांना भेटण्याआधीच मी ते नातेवाइकांना कळवून टाकले. पहिल्या काही महिन्यांत रेडिएशनच्या परिणामामुळे गाठ वाढल्यासारखी नुसती दिसू शकते, असे डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितले. दोन महिन्यांनंतरच्या तपासणीत तो भाग खरोखरच लहान झालेला होता, पण मधल्या काळात ताईला किती जणांचे रडणे फोनवर ऐकून घ्यावे लागले! त्यानंतर डॉक्टरांनी पाहिल्याखेरीज एकही अहवाल मी कोणाला कळवला नाही.

अकराव्या महिन्यात आजार पुन्हा वाढला, आणि या वेळी ती वाढ खरी होती. एका दुपारी दाजींनी मला वही आणायला सांगितली आणि उजव्या पानावर बोट ठेवून, बराच वेळ घेऊन, ते म्हणाले, "लिही. किती दिवस?" मी लिहिले आणि ताईला आत बोलावले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना समजेल अशा लहान लहान वाक्यांत उत्तर दिले. त्या रात्री ताई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर रडली, आणि दाजींनी तिचा हात सकाळपर्यंत सोडला नाही.