स्लॅब राहिला, घर वाचलं

विजयदुर्गातलं आमचं घर चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं. पावसात मागची भिंत फुगली, पडवीचे वासे वाळवीने खाल्ले. मिस्त्रीने भिंतीवर टिचकी मारली. "सगळां पाडूया, मगे स्लॅब घालू. कोण इचारतला?" भरावाला शेजारच्या संरक्षित किल्ल्याचे पडलेले चिरे आणतो म्हणाला, ते वेगळंच. काका लगेच तयार. स्लॅब ही त्यांची जुनी हौस.

"धरलंच तर पाच हजार दंड," काका म्हणाले. त्यांच्या डोक्यातला प्राचीन स्मारकांचा कायदा 1958 चा होता: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 2010 च्या दुरुस्तीने ते दोन वर्षं आणि एक लाखापर्यंत गेलं. संरक्षित वास्तू पाडणं तर आहेच, तिचा दगड काढून नेणंही त्याच कलमात येतं. मिस्त्रीच्या भरावाचा विषय तिथेच संपला.

पण घर तर आमचं, किल्ला नव्हे? तिथेच मेख होती. किल्ल्याच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र. आमची पडवी त्यात सहज बसते. तिथे नवं बांधकाम केलं तरी शिक्षा तेवढीच. 16 जून 1992 पूर्वीच्या घराला फक्त डागडुजीची परवानगी मिळते. म्हणजे घर पाडलं की संपलं, उरणार नुसता चौथरा! पुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी घेऊन नवीन बांधता येतं, पण घर उचलून तिकडे नेणार कसं? हे कळल्यावर काका दिवसभर बोलले नाहीत.

मग अर्ज. घर 1992 आधीचं आहे हे दाखवायला ग्रामपंचायतीचा जुना असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीची नोंद, हवा होता. तो शोधण्यातच दीड महिना गेला. दप्तर वाळवीला आमच्या वाशांइतकंच आवडलेलं. बाकी नकाशा, फोटो, काय बदलणार त्याची यादी. परवानगी देणाऱ्या सक्षम प्राधिकाऱ्याने 15 दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, त्यांनी दोन महिन्यांत शिफारस कळवायची, मग महिनाभरात सक्षम प्राधिकाऱ्याचा निर्णय, असं कायदा म्हणतो. आम्हाला त्याहून थोडे जास्त दिवस लागले.

भिंत त्याच चिऱ्यांनी परत रचली, वासे नवे, कौलं बरीचशी जुनीच. मिस्त्री अजून म्हणतो, "स्लॅब बरो होतो." काका त्याला परवानगीचं पत्र दाखवतात. लॅमिनेट करून पडवीत लावलंय.