बोटभर जागा

पन्नाशी ओलांडल्यावर आत्याच्या फ्रीजमधून मळलेली कणीक पळवण्याची पाळी माझ्यावर आली, ती एका टर्बोचार्जरमुळे. कणकेचं पुढे सांगतो. आधी टर्बो, म्हणजे इंजिनच्या धुराच्या जोरावर फिरून त्याच इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा.

माझ्या आतेभावाकडे 2005 सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन, 150 हॉर्सपॉवर, कारखान्यातूनच टर्बो लावून आलेलं. 2004 साली ही गाडी आपल्याकडे आली तेव्हा पेट्रोलला टर्बो हे नवलच होतं. टर्बो म्हणजे डिझेल, टर्बो म्हणजे ट्रकच्या तोंडावर रंगवलेली अक्षरं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. धूर नाही, आवाज नाही. पण चाळिशीतल्या माणसाला हाव सुटली की ती एक तर जमिनीत जाते, नाहीतर बॉनेटखाली. याची बॉनेटखाली गेली. जुना, केओथ्री जातीचा टर्बो उतरवून त्या जागी गॅरेट कंपनीचा जीटी2860 चढवायचा, असं त्याने ठरवलं. या आकड्यातले 28 म्हणजे टर्बोचा आकारगट आणि 60 म्हणजे हवा दाबणाऱ्या चाकाचा मोठा व्यास, मिलिमीटरमध्ये. विकणाऱ्याने 'सरळ बसतो, काही कापावं लागत नाही' असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. हे वाक्य मी याआधी फक्त सोफा घेताना ऐकलं होतं.

(आरटीओची आठवण काढणाऱ्यांसाठी: गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकालही आहे, आणि आतेभावाला दोन्ही माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. ही गाडी आता ट्रेलरवर चढून कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जाणार, रस्त्यावर नाही. निदान आत्याला त्याने तसं वचन दिलंय.)

माझं काम बॅटरी धरायचं. लहानपणी वडील फ्यूज बांधायचे तेव्हा मी बॅटरी धरायचो आणि बोलणी खायचो. भोसरीच्या त्या गॅरेजमध्येही तेच. "काका, उजेड माझ्या बोटांवर नको, बोल्टवर पाहिजे," मिस्त्री म्हणाले. पण त्यांची बोटं आणि बोल्ट यांच्यात फरक करायला तिथे जागाच नव्हती.

या गाडीत इंजिन आडवं बसवलंय आणि टर्बो त्याच्या पाठीमागे, इंजिन आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांच्यातला पत्रा) यांच्या बेचक्यात. वरून वाकून पाहिलं तर दिसतो तो फक्त हीट शील्डचा गंजका पत्रा. हात आत जातो, पण मूठ वळली की बाहेर येत नाही. खाली अ‍ॅक्सल, बाजूला पाण्याच्या नळ्या, मागे वायरिंगचा जुडगा. पेट्रोल इंजिनचा धूर टर्बोत शिरताना 900 अंशांच्या घरात असू शकतो. अ‍ॅल्युमिनियम 660 ला वितळतं. त्यामुळे इथे नुसतं मावून भागत नाही. शेजाऱ्यांना चटका न बसेल इतकं लांबही राहावं लागतं, आणि लांब राहायला जागा नाही.

टर्बो लावण्याची कल्पना ज्यांना सुचली त्यांना ही अडचण नव्हती याचा मला हेवा वाटतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 साली पेटंट घेतलं ते मोठमोठ्या इंजिनांचा विचार करून. 1918 मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या डोंगरावर, 14,000 फुटांवर नेलं. विरळ हवेत धापा टाकत ते 230 हॉर्सपॉवर देत होतं, टर्बो जोडल्यावर 356 देऊ लागलं. बॉनेट नाही, फायरवॉल नाही. अख्खा डोंगर मोकळा. मॉससाहेबांना बॅटरी धरणारा कुणी लागला असेल असंही वाटत नाही.

जुना टर्बो काढण्यात दोन दिवस गेले. त्यातला दीड दिवस एका स्टडचा, म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टचा. मॅनिफोल्डचा (इंजिनचा धूर टर्बोकडे नेणाऱ्या नळ्यांचा) स्टड वीस वर्षं भाजून भाजून जागेवरच विरघळल्यासारखा झाला होता. गंज सोडवायचं तेल मारलं, गॅसने तापवला, हलक्या हाताने मागे-पुढे केला, आणि शेवटी जे व्हायचं तेच झालं. टक्‌. मिस्त्री काही बोलले नाहीत. पाना ठेवला, तंबाखू मळली, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. तुटलेल्या स्टडवर पहिला इलाज हाच असतो.

नव्या टर्बोची चौकट जुन्या मॅनिफोल्डला जुळत नव्हती. जुन्याला तीन बोल्ट, नव्याला चार. मध्ये जाड पट्टी टाकून जुळवता येतं, पण त्या पट्टीची जाडी टर्बोला तेवढीच मागे ढकलते, आणि मागे फायरवॉल. मिस्त्रींनी पट्टी हातात घेतली, बेचक्यात धरून पाहिली आणि भंगाराच्या डब्यात टाकली. मग नळाच्या दुकानातून पीव्हीसीचे एल्बो आले. ते कापून, सेलोटेपने जोडून मॅनिफोल्डचा नमुना उभा राहिला. इंजिनच्या पाठीशी पांढऱ्या नळ्यांचा तो गुंता पाहून कुणालाही वाटलं असतं, इथे बेसिन बसवतायत. मग त्या नमुन्यावरून आर्गन वेल्डिंगवाल्याकडून स्टीलचा मॅनिफोल्ड.

आणि तेल. मला टर्बोविषयी सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. आतला दांडा मिनिटाला लाख-दीड लाख फेरे घेतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल आत येतं ते इंजिनच्या दाबाने. बाहेर पडताना मात्र घुसळलेल्या ताकासारखं फेसाळलेलं असतं आणि त्याला ढकलणारं कुणी नसतं. आपल्या वजनाने ते खाली सम्पमध्ये, इंजिनच्या तळाच्या टाकीत, जायचं, बस्स. म्हणून तेलाचं तोंड सरळ खालीच हवं. फार तर 35 अंश कललेलं चालतं. तेल तुंबलं की सीलमधून सायलेन्सरकडे निघतं आणि मागे निळा धूर. एवढी सगळी आटापिटा करणारी वस्तू, आणि तिचं भलं-बुरं उतारावर अवलंबून.

तर तोंड खाली राहावं म्हणून टर्बोचा मधला भाग फिरवला. त्यासरशी हवेचं तोंड फायरवॉलकडे वळलं. तो कव्हर सैल करून वेगळा फिरवला. मग वेस्टगेटच्या (जास्तीचा धूर बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) दांडीचा ब्रॅकेट पाण्याच्या नळीवर टेकला. ब्रॅकेट कापून नवा केला. मग नळी वळवली, ती वायरिंगला लागली. चार दिवस हेच. 'सरळ बसतो' म्हणणाऱ्याला आतेभावाने फोन केला. त्याने विचारलं, "तुम्ही फिरवून पाहिला का?"

पाचव्या दिवशी टर्बो बसला. मागच्या पत्र्यापर्यंत बोटभर फट. मी खूश, आतेभाऊ खूश. मिस्त्री खूश नव्हते. "इंजिन बसल्या जागी बसत नाही, काका," ते म्हणाले. इंजिन रबरी माउंटवर टांगलेलं असतं. गाडी जोरात निघाली की चाकं पुढे आणि इंजिनचं डोकं मागे, थेट फायरवॉलकडे. उभ्या गाडीतली बोटभर जागा निघताना किती उरते, हे पाहायचं कसं? तिथे डोळा पोचत नाही, मोजपट्टी पोचत नाही.

"कणीक आणा घट्ट मळलेली," मिस्त्री म्हणाले. "माती नको, सुकून पडते."

आत्याचं घर दहा मिनिटांवर. ती देवळात गेली होती. डब्यात दुपारच्या पोळ्यांची कणीक होती. निम्मी घेतली आणि उरलेली थापटून डबा भरलेला दिसेल असं केलं. (ते जमलं नाही, असं नंतर कळलं.)

मिस्त्रींनी दोन गोळे केले. एक थंड बाजूला, हवेच्या कव्हरमागे. दुसरा तापणाऱ्या बाजूला, पत्र्यावर चिकटवून. आतेभाऊ गाडीत बसला. हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, पहिला गिअर, क्लच अर्धवट सोडून अ‍ॅक्सिलरेटर. इंजिन एकदम मागे झुकलं. मी बॅटरी घेऊन वाकलो होतो, दोन पावलं मागे सरलो. मग रिव्हर्स, मग परत पहिला. मध्ये एकदा ती शिट्टी ऐकू आली, बारीक, कुकरच्या शिट्टीआधी वाफ फुरफुरते तशी. आतेभावाच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालाच्या दिवशीही इतका आनंद नव्हता. आणि मग एक वास आला. पेट्रोलचा नाही, तेलाचा नाही. चुलीजवळचा.

इंजिन बंद करून मिस्त्रींनी आधी थंड बाजूचा गोळा काढला. कव्हरच्या बोल्टचं डोकं त्यावर ठसठशीत उमटलं होतं. मग चिमट्याने दुसरा. तो बाहेरून तांबूस, एका कडेला काळपट, बोटाने टिचकी मारली तर कडक.

मिस्त्री मूळचे अमळनेरचे. चिमटा उजेडात धरून त्यांनी तो गोळा फिरवून पाहिला. "बट्टी झाली," ते म्हणाले. "वरण असतं तर जमलं असतं."

मग ठसा उमटलेला गोळा कॅलिपरमध्ये हलकेच धरला, जिथे कणीक सगळ्यात पातळ झाली होती तिथे. "11 मिलिमीटर." आतेभावाने वहीत लिहून घेतलं. बट्टी मिस्त्रींनी दारातल्या कुत्र्यापुढे टाकली. त्याने हुंगली, आमच्याकडे पाहिलं, आणि परत पंजावर तोंड ठेवलं.