खोगीरभरती

आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात घोडा उभा असतो. प्लास्टिकचा, पाठीपर्यंत जेमतेम सात इंच, खऱ्याच्या एक नवमांश. लेकीला आठव्या वाढदिवसाला मिळालेला ब्रेयरचा घोडा. या कंपनीने १९५० साली शिकागोत एका घड्याळवाल्यासाठी, घड्याळाशेजारी ठेवायला म्हणून पहिला घोडा केला आणि लोक घड्याळ सोडून घोडाच मागायला लागले. आमच्याकडेही तसंच झालं. लेकीने खोगीर मागितलं, हाती केलेल्या खोगिरांच्या किमती बघून मी म्हटलं, "त्यात काय, मी करते." लेक दोन महिन्यांत फुटबॉलकडे वळली. मी अजून टेबलाशीच.

खऱ्या लगामाचा पट्टा अर्धा-पाऊण इंच रुंद. नवाने भागा, दीड-दोन मिलिमीटर उरतात. त्यात बकल बसवायचं, आणि बकलला काटाही हवा, कारण तो उघडझाप झाला पाहिजे. का झाला पाहिजे, ते विचारू नका. तारेची अशी तीन बकलं आत्ताही गालिच्यात कुठेतरी आहेत. एक नवऱ्याच्या पायमोज्यात सापडलं. कसं सापडलं ते त्याच्या ओरडण्यावरून कळलं.

कातडं जुन्या हातमोज्याचं, शेळीचं. तेही जाडच पडतं, मग उलट्या बाजूने तासायचं. लहानपणी कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत कारागिरांची रापी फिरताना बघितली होती, आंब्याची साल काढावी तशी. माझ्या हाताखाली दर दुसऱ्या पट्ट्याला भोक पडतं.

लगामाची कडी तोंडात द्यावी, तर घोड्याचं तोंड मिटलेलं! मग ओठांच्या कडेला मेणाचा बारीकसा ठिपका आणि त्यावर कडी. दर जुलैत केंटकीत, लेक्सिंग्टनला या घोड्यांची जत्रा भरते. आमच्या सिनसिनाटीहून सव्वा-दीड तास. पिशवीतून घोडा नेला होता. एका आजीबाईंनी चष्मा वर करून त्याला न्याहाळलं आणि हळूच म्हणाल्या, "पोटाखालचा तंगाचा पट्टा सैल आहे. स्वार पडेल."

स्वार नव्हताच. तरी मला रात्रभर चुटपुट.

घरी येऊन खोगीर उसवलं. आत काही भरलंच नव्हतं, म्हणून ते पापडासारखं चपटं बसत होतं आणि तंग कितीही ओढला तरी सरकत होता. खोगीरभरती हा शब्द आजवर मी फक्त लोकांच्या लेखांबद्दल वापरला होता. आता भरायला मऊ, बारीक कापूस हवा. देवघरात फुलवातींचं पाकीट होतं. दोन्ही बाजूंना चार-चार वाती पिंजून भरल्या, आणि खोगीर पाठीवर असं बसलं की घोडा उलटा धरला तरी हललं नाही.

तेव्हापासून सात खोगिरं झाली. आईला फोनवर सांगितलं, पुढच्या पार्सलमध्ये भाजणी थोडी कमी चालेल, फुलवाती जास्त टाक. परवा कळलं, ती शेजारच्या काकूंना कौतुकाने सांगत होती, "इतकी लांब गेली, पण देवाचं किती करते बघा!"