श्रावणी सोमवार आणि अम्मांची हंपी

रविवारी रात्री हुतात्मा एक्स्प्रेसमधून सोलापूरला उतरलो तेव्हा बुद्धिबळ डोक्यातही नव्हतं. 28 जुलै 2025, पहिला श्रावणी सोमवार. सिद्धेश्वराचं दर्शन घ्यायचं, एवढाच बेत. तळ्यातल्या मंदिराकडे जाणारी रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. दर्शन मात्र झकास झालं.

दुपारी पूर्व भागातल्या मित्राकडे गेलो. खाली यंत्रमाग, वर घर. जिन्यात टॉवेलचे गठ्ठे रचलेले, अंग चोरूनच चढायचं. वर सगळे तांब्याला टेकवलेल्या मोबाईलभोवती. जॉर्जियातल्या बाटुमीत महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत! आधीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटल्यामुळे आता रॅपिडचा, म्हणजे झटपट डावांचा टायब्रेक.

मी अर्थातच नागपूरच्या दिव्या देशमुखकडून. आणि एकटाच. घर पद्मशाली, बोलणं तेलुगू, कोनेरू हंपी आंध्रची. मित्राच्या अम्मांना हत्ती सरळ जातो की तिरका हेही ठाऊक नाही, पण ‘आमची हंपी’ पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली हे पाठ. ते 2002 साल. दिव्या तेव्हा जन्मलीही नव्हती. खरं सांगू? पैज लावायची माझीही छाती नव्हती. दिव्या 19 वर्षांची, मानांकन पंधरावं, ग्रँडमास्टर किताबासाठी स्पर्धांमधून कमवावा लागणारा एकही नॉर्म गाठीशी नाही. समोर रॅपिडचीच जगज्जेती. पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव म्हणजे हंपीचं घरचं अंगण.

पहिला बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी. मागांच्या खडखडाटात समालोचन ऐकू येईना; घड्याळाचे आकडे तेवढे दिसत होते, आणि हंपीचे भराभर आटत होते. अम्मांचा सोमवार सोडायची वेळ झाली. "डाव संपू दे की," म्हणत त्या हलेनात.

हंपीनं हार मानली. मी ओरडायला तोंड उघडलं, अम्मांकडे पाहिलं आणि मिटलं. पडद्यावर दिव्या रडत आईला बिलगली होती. भारताची 88वी ग्रँडमास्टर, तीही थेट विश्वचषक जिंकून!

अम्मा उठल्या. कडक भाकरी कटाकट मोडली, उखळात कुटलेली, तेल सुटलेली शेंगाचटणी वाढली, वर दही. पहिलं ताट माझ्यापुढे सरकवलं.

"खा. आणि त्या पोरीला पण कुणीतरी जेवायला घाला म्हणावं, केवढीशी झालीय बघ."