हातात हाड होतं, तोंडात शब्द नव्हता

2014 चा उन्हाळा. फर्स्ट एमबीबीएसची विद्यापीठाची परीक्षा, अ‍ॅनाटॉमीचं म्हणजे शरीररचनाशास्त्राचं प्रॅक्टिकल. लेखी पेपर बरे गेले होते. स्पॉटर्स, म्हणजे ओळखायला मांडलेले नमुनेही, घंटा वाजली की पुढे सरकत, कसेबसे पार पडले होते. उरली होती हाडांची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी ट्रेमधलं एक हाड उचलून माझ्या हातात दिलं. "बाजू सांग. डावं की उजवं?"

क्लॅव्हिकल होतं, गळ्याखालून खांद्यापर्यंत जाणारं हाड. सीनिअर ताईकडून घेतलेला हाडांचा सेट वर्षभर माझ्या खाटेखाली होता. हॉस्टेलचे लाइट गेले की मी अंधारात चाचपून त्याची बाजू ओळखायचे. छातीकडचं टोक जाड, खांद्याकडचं चपटं, आतल्या भागाचा बाक पुढे, खोबण खालच्या अंगाला. गर्भात सगळ्यात आधी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात, हाड बनायला सुरुवात होते ती याचीच. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हे सगळं सांगितलं असतं.

त्या टेबलाशी काहीही आठवलं नाही. हाताळून हाताळून पिवळं, गुळगुळीत झालेलं ते हाड. त्यावर काळ्या शाईत 17 लिहिलेलं. मी तो आकडाच वाचत राहिले. तळहाताला इतका घाम की हाड निसटेल असं वाटत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. सर म्हणाले, "एवढंही येत नाही? डॉक्टर कशी होणार तू?" त्यानंतर त्यांनी काय काय विचारलं ते मला ऐकूच आलं नाही.

मी नापास झाले. तेव्हा लेखी आणि प्रॅक्टिकल, दोन्हींत वेगवेगळे 50 टक्के लागायचे. मैत्रिणी अ‍ॅप्रन घालून वॉर्डात जायला लागल्या, मी ऑड बॅचला, नापास झालेल्यांच्या मागे पडलेल्या तुकडीत. बाबांनी एकदाच विचारलं, "अभ्यास केला नव्हतास का गं?" मी गप्प बसले. केला होता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज मी अ‍ॅनाटॉमीच शिकवते. टेबलाच्या पलीकडे बसते आणि दर टर्मला निदान चार-पाच मुलं तशीच समोर येतात. ओठ कोरडे, बोटं गार, नजर हाडावर खिळलेली. हे अज्ञान नव्हे. अ‍ॅड्रेनलिनने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बोटं गार पडतात, तोंडाला कोरड पडते, आणि पाठ असलेलं ऐन वेळी आठवत नाही. फिजिऑलॉजीत हेच आपण मुलांना शिकवतो आणि व्हायवाला बसलो की विसरतो. माझ्या सहकाऱ्यांना मी कळकळीने सांगते, समोरचा गोठला तर अर्धा मिनिट थांबा. हाड नुसतं हातात धरू द्या. पहिला प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर त्याला हमखास येईल. त्याने गुणांची खैरात होत नाही.

मुलांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. श्वास हळू, लांबवर सोडला की नाडी किंचित मंदावते. व्हायवाच्या रांगेत उभं असताना एवढं तरी करता येतं. दुसरी, आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये हातोहात फिरणारी, छातीची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेऊ नका, कुणाला देऊही नका. दमा असलेल्याच्या ती जिवावर बेतू शकते. आणि झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर निकालाची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. घरी सांगायचा धीर होत नसेल तर आमच्यापैकी ज्याच्यावर विश्वास असेल त्याच्या केबिनचं दार वाजवा.

मागच्या टर्मला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. हातात क्लॅव्हिकल, हात थरथरत होता, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "बाळा, ते हाड ठेव खाली. पाणी पी. आता स्वतःच्या गळ्याखाली बोट ठेव आणि खांद्यापर्यंत ने." क्लॅव्हिकल कातडीच्या लगेच खाली असतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत हाताला लागतं. त्याने डोळे मिटून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग ट्रेमधलं हाड उचललं, फिरवून पाहिलं, छातीशी धरलं.

"डावं आहे, मॅडम."

डावंच होतं.