तुम्ही विचारलंत म्हणून: मग मराठी कधी शिकवता?

“बाई, तुम्ही मुलांशी कोरकूतच बोलता. मग त्यांना मराठी कधी येणार? लहान मुलं तर भाषा पटकन उचलतात.” अमरावतीहून आलेले पाहुणे विचारतात. पहिलीचे गुरुजी विचारतात. दर दिवाळीला माझी बहीण विचारते. मुलांचे आईबापही विचारतात, आणि त्यांना उत्तर देणं मला सगळ्यात जड जातं.

मेळघाटातल्या धारणी तालुक्यात एका ढान्यात, म्हणजे कोरकू आदिवासींच्या पाड्यावर, मी बालवाडी चालवते. आले तेव्हा मीही तुमच्यासारखंच म्हणत होते, की लहान मुलं भाषा पटकन उचलतात, कानावर पडत राहिली की झालं. पहिल्या दिवसापासून मी फक्त मराठीत बोलले. गाणी मराठी, गोष्टी मराठी, “खाली बस”, “हात धू” सगळं मराठी. तीन महिन्यांत मुलं पावसाचं गाणं तालासुरात म्हणू लागली. मी त्याचा व्हिडिओ काढून घरी पाठवला होता. त्यातल्या एकाही मुलाला “पाऊस कुठून येतो?” एवढं विचारलं असतं तर उत्तर आलं नसतं. मी विचारलंच नाही.

त्या वर्षीची एक दुपार सांगते. होळी होऊन गेलेली, ऊन चढलेलं. चार वर्षांचा एक मुलगा होता. जूनपासून त्याच्या तोंडून शब्द नव्हता. रजिस्टरात त्याच्या नावापुढे मी लिहिलं होतं, ‘बोलत नाही, समज कमी.’ त्या दिवशी तो आपणहून उठला, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “दा.”

मला केवढा आनंद झाला! त्याचा मोठा भाऊ शेजारच्या शाळेत होता. मी म्हटलं, “दादा शाळेत गेलाय. येईल हं.” हाताला धरून त्याला जागेवर बसवलं. तो पुन्हा आला. “दा.” मी खिडकीतून शाळा दाखवली, हातात खडू दिला. तो खडू घेऊन उभाच राहिला. तिसऱ्यांदा काही म्हणाला नाही.

मदतनीस ताई हापशीवर गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा तो मोरीपाशी वाकला होता. खिचडीची ताटं विसळलेल्या घमेल्यातलं पाणी ओंजळीनं पीत होता. वर भाताची शितं तरंगत होती. ताईंनी कळशी तिथेच टाकली आणि धावत जाऊन त्याला उचललं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “बाई, दा म्हणजे पाणी.”

माठ माझ्या पाठीमागे होता, दोन हातांवर. मुलं सांडतात म्हणून मीच त्यावर जड झाकण ठेवलं होतं.

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण माझ्याकडे त्यानं पुन्हा कधी पाणी मागितलं नाही. तहान लागली की ताईंना शोधायचा. ‘समज कमी’ मी खोडलं, पण त्या महिन्याचा अहवाल तोवर वर गेला होता.

त्यानंतर मला मागचंही आठवू लागलं. माशाच्या चित्रावर बोट ठेवून एक मुलगी “काकू” म्हणाली होती आणि मी मोठ्यानं हसले होते. कोरकूत काकू म्हणजे मासा. बरोबर उत्तर देऊन तिनं माझं हसू झेललं होतं.

पटकन उचलतात, हे खोटं नाही. पण कुणाकडून उचलतात? कोरकू कुटुंब कामाला शहरात गेलं की गल्लीतल्या पोरांबरोबर खेळून मूल काही महिन्यांत तिथली भाषा बोलू लागतं. आमच्या ढान्यात मराठी बोलणारं एकही मूल नाही. धारणीचा बाजारसुद्धा हिंदीत चालतो. मराठी बोलणारी मी एकटी, तीही दिवसाचे तीन तास. शिवाय कोरकू ही मराठीची बोली नाही. तिचे नातलग तिकडे झारखंडात, संताली आणि मुंडारी. आपण मात्र तिला गावठी मराठी समजून दुरुस्त करायला बसतो.

आता ताई आधी गोष्ट कोरकूत सांगतात. मुलांना ती पाठ झाली की तीच गोष्ट मी मराठीत सांगते. एक बाहुली आहे, तिला फक्त मराठी कळतं, तेव्हा तिला खाऊ द्यायचा तर मराठीत विचारावं लागतं. चिंचोके मोजताना आधी मिया, बारी, मग एक, दोन. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक मात्र मला शिकवावा लागत नाही. कोरकूत तो आहेच. हिंदीतल्या एकाच ‘हम’मध्ये तो हरवतो. (हे सगळं ताईंमुळे जमतं आणि त्यांचं मानधन माझ्या निम्मं आहे. याचं समर्थन मला करता येत नाही.)

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. पाहुण्यांना मी ते दाखवते आणि ते गप्प होतात. पण माशाला काकू म्हणणाऱ्या त्या मुलीच्या बापाला काय दाखवू? तो म्हणतो, “कोरकू तर घरी येतेच बाई. त्यासाठी तुमच्याकडे कशाला पाठवू?” दवाखान्यात फॉर्म भरता येईना म्हणून सगळ्या रांगेसमोर त्याला हिणवलं गेलं होतं. ती रांग मी पाहिलेली नाही, त्यानं पाहिली आहे. आणि माझ्याकडे भरभरून बोलणारी दोन मुलं गेल्या वर्षी पहिलीत जाऊन पुन्हा मुकी झाली, हेही खरं आहे. मी थोडं आधी, थोडं जास्त मराठी द्यायला हवं होतं का? कधी वाटतं हो. मग तो माठ आठवतो.

परवा त्या मुलीचा बाप पुन्हा आला होता. जूनपासून मुलीला धारणीच्या इंग्रजी बालवाडीत घालतोय म्हणाला, फी भरून झाली. मी त्याला थांबवलं नाही. फक्त विचारलं, तिथे कुणाला कोरकू येतं का. त्याला माहीत नव्हतं. मुलगी दारात उभी राहून बाहुलीला मराठीत सांगत होती, “तू इथंच थांब.”